ब्रँडीत मुरलेला फ्रूट केक : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२५

१४ सप्टेंबर, रविवार. टिन आणि ओव्हन

उद्दिष्ट : नाताळसाठी २० सेंटीमीटर व्यासाचा एक गोल केक, तयार वजन साधारण दोन किलो. निम्म्याच्या आसपास सुकामेवा, वर आयसिंग नाही. ठिकाण पुणे, ओव्हन ३५ लिटरचा ओटीजी (विजेच्या रॉडवर तापणारा घरगुती ओव्हन).

या केकमध्ये बेकिंग पावडर नाही, त्यामुळे फुगण्याची चिंता नाही. सगळी चिंता पाण्याची. फळात किती पाणी आहे, ब्रँडीबरोबर किती येतं, भाजताना किती जातं आणि नंतर किती परत घालायचं, एवढा हिशेब जमला की केक जमतो. पुढच्या सगळ्या नोंदी याच अंगाने ठेवल्या आहेत.

टिन निदान साडेसात सेंटीमीटर उंच हवा. बाजारात मिळणारे बहुतेक टिन पाच सेंटीमीटरचे असतात. ते स्पंज केकला ठीक, इथे मिश्रण काठावरून वाहील. गोल टिन नसेल तर १८ सेंटीमीटर बाजूचा चौकोनी चालतो, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच.

ओटीजी तपासला. बटण १५० वर ठेवून आत थर्मामीटर टांगला आणि अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले : सर्वात कमी १३८, सर्वात जास्त १७१. थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करतो त्यामुळे एवढा झोका येतोच. खालच्या जाळीवर जाड लोखंडी तवा ठेवून पुन्हा मोजलं तर झोका १४४ ते १६०. तवा उष्णता धरून ठेवतो. भाजायच्या दिवशी तो आतच राहील. थर्मामीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि तीन तास भाजायच्या केकला तो नसेल तर बटणावरच्या आकड्यावर विसंबणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

२० सप्टेंबर, शनिवार. सुकामेवा

दिवाळीच्या तोंडावर सुकामेव्याचे भाव चढतात म्हणून आत्ताच घेतला. भिजवायचा माल :

काळे मनुके ३०० ग्रॅम
बेदाणे २०० ग्रॅम
सुकं अंजीर १२० ग्रॅम
मऊ खजूर, बिया काढून १०० ग्रॅम
जर्दाळू ८० ग्रॅम

एकूण ८००. पाकातली संत्र्याची साल (१०० ग्रॅम) आणि चेरी (५० ग्रॅम) भाजायच्या दिवशी, ती भिजवायची नाहीत.

बेदाणे सांगली-तासगावचे घेतले. पिवळाधमक रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो. केकमध्ये तो रंग कॅरमेलखाली (जाळलेल्या साखरेच्या पाकाखाली) झाकला जाणार, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. हिरवट-तपकिरी बेदाणा स्वस्त आणि चवीला आंबटगोड, तोच बरा. काळे मनुके बिनबियांचेच घ्यावेत. औषधाला मिळणारे बियांचे मनुके दाताखाली कचकचतात.

टुटीफ्रुटी मुद्दाम वगळली. ती कच्च्या पपईची, स्वतःची चव नाही, आणि तिचा पाक सुटून मिश्रणात लाल-हिरवे डाग पडतात. बाजारातल्या लाल ‘चेरी’सुद्धा बहुतेक वेळा करवंदंच असतात, रंगवून पाकात मुरवलेली. करवंद म्हणून ती वाईट नाहीत, घट्ट राहतात. कोमट पाण्यात पाक धुऊन, अर्ध्या करून, कापडावर कोरड्या करून ठेवायच्या.

धुणं : मनुक्या-बेदाण्यांना चिकटू नये म्हणून तेलाचा हात लावलेला असतो. तो तसाच ठेवला तर ब्रँडी आत शिरायला वेळ लागतो. कोमट पाण्यात एकदाच चोळून लगेच उपसायचे. भिजत ठेवायचे नाहीत. मग सुती पंचावर एकेरी थरात पसरून पंख्याखाली रात्रभर. सप्टेंबरची हवा दमट असते, सकाळी हाताला ओल लागली तर ओव्हनमध्ये ६० अंशावर वीस मिनिटं, दार किंचित उघडं ठेवून.

२१ सप्टेंबर, रविवार. ब्रँडी आणि बरणी

ब्रँडीची हाफ, ३७५ मिलिलिटर, ताकद ४२.८ टक्के. वाटणी अशी : भिजवायला २४०, भाजल्यावर पहिल्यांदा ४५, नंतर तीन वेळा ३० प्रमाणे ९०. बाटली नेमकी संपते. महाराष्ट्रात ब्रँडी विकत घ्यायला २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देतात. २ ऑक्टोबर ड्राय डे, त्या सुमारास भिजवणाऱ्यांनी आधीच आणून ठेवावी.

महागडी ब्रँडी घेऊ नये. इथल्या साध्या ब्रँडीत बराचसा भाग मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो आणि द्राक्षाचा थोडाच, हे खरं. पण आठशे ग्रॅम सुकामेव्यात सात आठवडे राहिल्यावर चव फळाची लागते, बाटलीची नाही. रम घातली तर काकवीसारखा गडद गोडवा येतो, तोही चालतो. केरळात तलश्शेरीला बेकरीवाले मांबल्ली बापू यांनी १८८३ च्या नाताळात केक केला तेव्हा फ्रेंच ब्रँडीऐवजी काजूबोंडं आणि केळी आंबवून काढलेली स्थानिक दारू वापरली, असं सांगतात. फेणी घालायला हरकत नाही, मात्र तिचा वास केकभर पुरून उरतो. उर्राक (काजूबोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू) नको, ती फेणीपेक्षा बरीच सौम्य असते आणि खालचा हिशेब बिघडवते.

हिशेब : २४० मिलिलिटर ब्रँडीत शुद्ध अल्कोहोल साधारण १०३ मिलिलिटर. आठशे ग्रॅम सुकामेव्यात अंगचं पाणी सुमारे १५० ग्रॅम (मनुक्या-बेदाण्यांत १५ टक्के, अंजीर-जर्दाळूत त्याच्या जवळपास दुप्पट). म्हणजे ३९० मध्ये १०३, सव्वीस टक्के. एवढ्यात यीस्ट जगत नाही, बरणी बाहेर ठेवता येते. आता अर्धी ब्रँडी आणि अर्धा संत्र्याचा रस घातला तर तेच प्रमाण तेरा टक्क्यांवर येतं आणि यीस्ट तग धरू शकतं. झाकण फुगतं, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, आणि मग लोक ब्रँडीला दोष देतात. रसात किंवा काळ्या चहात भिजवायचं असेल तर फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नाही.

अंजीर, खजूर आणि जर्दाळू मनुक्याएवढे चिरले. मोठे तुकडे राहिले तर सुरी त्यांच्यावर अडकते आणि काप मोडतो. दोन लिटरची काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून घेतली. ॲल्युमिनियमचं भांडं नको, फळाच्या आंबटपणाने त्याला चव लागते. प्लास्टिकला वास धरतो. वरून २४० मिलिलिटर ब्रँडी, घट्ट झाकण, कपाटात.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिला आठवडा बरणी रोज एकदा उलटी करून हलवली. तळाशी ब्रँडीचा थर दिसत होता तो आज अर्ध्यावर आलाय. बेदाणे टपोरे झालेत, काळे मनुके अजून सुरकुतलेले; त्यांची साल जाड. इथून पुढे आठवड्यातून एकदा हलवणं पुरे.

१२ ऑक्टोबर, रविवार. संत्र्याची साल

बाजारात संत्री यायला लागली. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, आतला पांढरा भाग थोडा, म्हणून कडूपणाही थोडा. जाड सालीच्या फळांना तीन-चार पाणी बदलावी लागतात, इथे दोन बास. महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबू) मिळालं तर त्याची साल याहून सरस, पण शहरात शोधत बसावं लागतं.

सहा संत्र्यांची साल गरम पाण्यात घासून धुतली (वर मेणाचा थर असू शकतो), अर्धा सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापल्या. थंड पाण्यात घालून उकळी, दहा मिनिटं, पाणी फेकलं, पुन्हा तसंच. आता नखाने दाबली तर खूण राहते. ही खूण बघितल्याशिवाय साखर घालू नये, कारण साखर पडल्यावर साल शिजत नाही, उलट चिवट होते. दीडशे ग्रॅम साखर आणि दीडशे मिलिलिटर पाणी, त्यात साल मंद आचेवर. चाळीसेक मिनिटांत पट्ट्या पारदर्शक झाल्या आणि पाक तळाशी जेमतेम उरला. जाळीवर निथळून एक दिवस पंख्याखाली. चिकट राहिली पाहिजे, ओली नाही. डब्यात भरून फ्रिजमध्ये.

उरलेला पाक टाकू नये, चहात सुरेख लागतो.

८ नोव्हेंबर, शनिवार. कॅरमेल, मसाला, कागद

इंग्लंडात हा केक ॲडव्हेंटच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीच्या रविवारी ढवळायची चाल आहे. यंदा तो २३ नोव्हेंबर. आम्ही दोन आठवडे आधी भाजतो. सहा आठवडे मुरलेला आणि चार आठवडे मुरलेला यांत फरक पडतो तो मसाल्याचा. लवकर कापला तर लवंग पुढे येते, बाकी सगळं मागे.

कॅरमेल : जाड बुडाच्या कढईत १०० ग्रॅम साखर आणि एक चमचा पाणी. ढवळायचं नाही, कढई फिरवायची. सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी. धूर दिसायला लागताक्षणी आच बंद आणि ७५ मिलिलिटर उकळतं पाणी बाजूने, लांब उभं राहून. थंड पाणी ओतलं तर उसळी कोपरापर्यंत येते. काळ्या रंगाच्या लोभाने आणखी अर्धं मिनिट थांबलं की कडू होतं आणि तो कडूपणा कशानेही जात नाही. यातलं फक्त ४० ग्रॅम लागतं. सोय म्हणून दोन मोठे चमचे काकवी घातली तरी चालेल. रंग जरा फिका, चव जास्त मातकट.

मसाला : दालचिनी पूड एक चमचा, सुंठ अर्धा, ताजं किसलेलं जायफळ अर्धा, लवंगा पाच कुटून. लवंग वाढवू नये, जीभ बधिर होते आणि ब्रँडी लागतच नाही.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, काठावर तीन सेंटीमीटर वर येतील असे. बाहेरून खाकी कागदाचे दोन पदर गुंडाळून सुतळीने बांधले. पातळ पत्र्याच्या टिनमध्ये कडा पहिल्या तासातच शिजून पुढचे दोन तास वाळत बसतात. कागद हे थांबवतो. खाकी कागद ओव्हनच्या रॉडला टेकता कामा नये, चारी बाजूंनी निदान चार बोटं अंतर हवं. ३५ लिटरच्या ओटीजीत ते मिळतं. लहान ओव्हन असेल तर १५ सेंटीमीटरचा टिन घ्यावा आणि सगळं निम्मं करावं.

बटर आणि अंडी आज रात्री फ्रिजबाहेर.

९ नोव्हेंबर, रविवार. भाजणी

रविवार मुद्दाम. गुरुवार टाळावा, देखभालीसाठी वीज जाण्याचा तो हक्काचा दिवस.

मैदा २२५ ग्रॅम, बिनमिठाचं बटर २२५, ब्राऊन शुगर २००, अंडी ४ (टरफलाशिवाय सुमारे २०० ग्रॅम), बदामाची पूड ५०, कॅरमेल ४०, मसाला, चिमूटभर मीठ. घरचं लोणी वापरायचं असेल तर आधी कापडात बांधून पाणी काढावं. नीट न निथळलेल्या लोण्यात पाण्याचा अंश बटरपेक्षा बराच जास्त असतो.

सकाळी बरणी उघडली. तळाशी सुटी ब्रँडी नाही, फळं चमकदार आणि हाताला चिकट. सुटा द्रव राहिला असता तर गाळून बाजूला ठेवला असता; तो मिश्रणात गेला की केक मधोमध खचतो.

बटर २१ अंशांवर असताना फेटायला घेतलं. बोट दाबलं की खळगा पडावा पण तेलकट चमक नसावी. साखर घालून पाच मिनिटं, बस. स्पंजसारखं पांढरं होईपर्यंत फेटलं तर हवा जास्त शिरते, मधला भाग डोंगरासारखा वर येतो आणि कापताना भुगा पडतो. अंडी फोडून, एकत्र ढवळून, आठ भागांत. सहाव्या भागाला मिश्रण किंचित फाटल्यासारखं दिसलं, लगेच एक चमचा मैदा टाकला, परत जुळलं. अंडी थंड असली की हे हमखास होतं. मग कॅरमेल, पूर्ण गार असलेलं.

मैदा, बदाम पूड, मसाला एकत्र चाळून दोन भागांत, उलथण्याने खालून वर. इथून पुढे मशीन नाही. मोठ्या परातीत फळं, साल, चेरी आणि हे मिश्रण, हातानेच. पीठ चमच्यावरून आपोआप पडता कामा नये, झटका द्यावा लागला पाहिजे. असं घट्ट पीठ असेल तर फळं तळाशी जातच नाहीत. फळांना मैद्यात घोळवण्याचा सल्ला सगळीकडे सापडतो. ब्रँडीत भिजलेल्या ओल्या फळांवर त्या मैद्याची फक्त खळ होते.

टिनमध्ये थोडं थोडं भरून, दर थराला चमच्याच्या पाठीने कोपऱ्यांत दाबलं, नाहीतर हवेची भोकं राहतात. वरून ओल्या हाताने सपाट करून मधोमध बोटभर खोलगट. टिनशिवाय मिश्रणाचं वजन २,०९० ग्रॅम.

११.१० ला ओव्हनमध्ये, खालून दुसऱ्या खोबणीत, दोन्ही रॉड चालू, सर्वात वर रिकामा ट्रे. तो ट्रे वरच्या रॉडची थेट झळ अडवतो. टायमरचं बटण ६० मिनिटांवर संपतं म्हणून ते ‘ऑन’वर आणि वेळ फोनवर. पहिला अर्धा तास १५०, नंतर १४०.

१२.४० : वरचा भाग तांबूस, मधला अजून ओला. टिनवर बटर पेपरचा दुहेरी तुकडा, मध्ये रुपयाएवढं भोक पाडून.

१.०५ : वीज गेली. दार उघडलं नाही. १.२० ला आली तेव्हा आत १२० अंश. बेकिंग पावडरचा केक अशा वेळी बसतो. यात फुगाराच नाही, तेव्हा पंधरा मिनिटं वाढवली की झालं.

२.१५ : दार बोटभर उघडून कान लावला. केक बोलतो आहे, बारीक चर्र चर्र, कढईत शेवटचं पाणी आटताना येतो तसा आवाज. हा आवाज जोरात असेपर्यंत आतलं पाणी सुटतंय, केक कच्चा. काडी घालून बघायची गरजच नाही.

२.४५ : आवाज जवळपास थांबला. बांबूची काडी मध्यभागी दोन ठिकाणी घातली. एकीला चिकट लागलं, ते अंजीर निघालं, दुसरी स्वच्छ. एकाच ठिकाणी बघून फसायला होतं ते यामुळेच. आतलं तापमान ९७. बाहेर काढला. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ठेवला असता तर कडा कोरड्या पडल्या असत्या.

एकूण तीन तास पस्तीस मिनिटं, वीज गेलेली धरून. टिनमध्येच, जाळीवर, वर सुती पंचा. तासाभराने कोमट झाल्यावर काडीने वीसेक भोकं पाडून ४५ मिलिलिटर ब्रँडी चमच्याचमच्याने. फार गरम असताना घातली तर निम्मी वाफ होऊन जाते, आणि गॅस जवळ चालू नसावा.

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर टिनमध्येच होता. गरम काढला तर फळाच्या वजनाने मोडतो. आज काढला : वजन १,९७५ ग्रॅम, कालची ४५ मिलिलिटर ब्रँडी धरून. म्हणजे भाजताना दीडशे ग्रॅमच्या वर पाणी गेलं. आणखी बरंच कमी भरलं असतं तर समजावं जास्त भाजलाय आणि ब्रँडीचा हात वाढवावा.

तळाचा कागद तसाच. आधी बटर पेपरचे दोन पदर, त्यावर फॉइल. फॉइल थेट लावू नये, फळाच्या आम्लाने त्याला भोकं पडतात आणि करड्या खुणा केकला लागतात. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात. पुण्यात नोव्हेंबर कोरडा असल्याने बाहेर निभावतं. मुंबईत किंवा कोकणपट्टीवर कागदाची घडी बुरशीसाठी दर आठवड्याला नीट बघावी.

१६, २३ आणि ३० नोव्हेंबर

दर रविवारी ३० मिलिलिटर. एकदा वरून, पुढच्या वेळी उलटा करून तळातून, नाहीतर वरचा भाग ओलाकच्च आणि तळ सुका राहतो. आधी ओतलेलं पूर्ण जिरलं नसेल तर तो आठवडा सोडायचा. २३ तारखेला डब्यात वास जरा तिखट होता, कच्च्या स्पिरिटचा. ३० ला तो मावळला होता.

बुरशी धरते ती बहुधा कागदाच्या घडीत, जिथे ब्रँडी साचून नंतर अल्कोहोल उडतं आणि गोड पाणी उरतं. म्हणून दर वेळी बटर पेपर बदलला. हा खर्च वाचवू नये. पांढरा-हिरवा ठिपका दिसलाच तर तेवढाच कापून बाकीचा खाऊ नये, ओल्या केकमध्ये बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

७ डिसेंबर, रविवार

ब्रँडी संपली, आता घालायची नाही. कापण्याआधी निदान दोन-तीन आठवडे कोरडे हवेत. शेवटपर्यंत ओतत राहिलं तर काप दाबल्यावर द्रव सुटतो आणि घशाशी जळजळतो.

मार्झिपान (केकवर लावायचा बदाम-साखरेचा थर) हवं असणाऱ्यांनी ते याच आठवड्यात लावावं, म्हणजे सुकायला वेळ मिळतो. मुंबई-वसईकडे आणि गोव्यात ते बदामाऐवजी काजूचं करतात. स्वस्त पडतं आणि आपल्याकडे चवीलाही जास्त ओळखीचं. या केकला लावणार नाही.

२४ डिसेंबर, बुधवार. कापणी

वजन २,०१० ग्रॅम. तीन आठवड्यांत ९० मिलिलिटर ब्रँडी आत गेली, वजन वाढलं त्यापेक्षा कमी, बाकीचं उडालं.

दातेरी सुरी, गरम पाण्यात बुडवून पुसून, दाबायची नाही, करवतीसारखी ओढायची. गोलाचे तिकोनी तुकडे केले की टोकं मोडतात. आधी मधून अर्धा करून मग बोटभर जाडीचे सरळ काप, आणि मोठे काप मध्ये अर्धे. साधारण चाळीस तुकडे होतात, एकेक पन्नास ग्रॅमचा. त्याहून मोठा कुणालाच संपत नाही.

कापावर बघायचं ते असं : तळापासून वरपर्यंत फळ सारखं, कडेचा गडद पट्टा अर्ध्या सेंटीमीटरहून कमी, मधोमध कच्च्या पिठाची चमकदार रेघ नाही. तिन्ही ठीक. कडेचा पट्टा एका बाजूला जरा रुंद आहे, ओटीजीची मागची भिंत. पुढच्या वेळी दीड तासाने, पीठ धरल्यावर, टिन अर्धा फिरवायचा.

वाटताना दोन गोष्टी सांगूनच द्यायच्या : यात अंडं आहे, आणि भाजल्यानंतर घातलेली ब्रँडी भाजलेली नाही. लहान मुलं, गरोदर बाया आणि औषधं चालू असलेली माणसं यांच्यासाठी रस-चहातला वेगळा केक करावा.

उरलेला अर्धा पुन्हा बटर पेपर आणि फॉइलमध्ये, कापलेली बाजू आतल्या कागदाला घट्ट चिकटवून. फ्रिजमध्ये ठेवला तर बटर घट्ट होऊन केक कोरडा वाटतो; खाण्याआधी तासभर बाहेर काढावा. मार्चच्या उन्हाळ्याआधी संपवायचा.